फाटकावरचा शब्द

आमच्या घरमालकांएवढा भित्रा माणूस वर्धा जिल्ह्यात आजवर झाला नाही आणि आपल्या भीतीची इतकी चोख निगा राखणारा तर पुढेही होणार नाही. आर्वीच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. खाली ते आणि काकू दोघेच राहत, मुलगा पुण्याला नोकरीत. बाजारात त्यांचं पिढीजात भांड्यांचं दुकान. भांडं घेताना वाजवून पाहावं, हे ते जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले. पुढे ते माणसंही वाजवून पाहू लागले आणि त्याला निमित्त मात्र मी झालो.

झालं असं की केंद्र सरकारचा सायबर सुरक्षेबद्दलचा जनजागृती कार्यक्रम आमच्या कॉलेजात व्हायचा होता. नागपूरहून एक तरुण प्रशिक्षिका आलेली, पडदा टांगलेला, वाटायच्या टोप्यांचा गठ्ठा सुटलेला, सगळं काही तयार, फक्त माणसं नव्हती. दिवाळीच्या सुट्टीला गेलेली मुलं अजून गावाकडेच होती. प्राचार्य म्हणाले, "काहीही करा, खुर्च्या भरा." माझ्या वाट्याच्या खुर्चीवर मी घरमालकांना चहा-बिस्किटांचं आमिष दाखवून आणून बसवलं. बाकीचे लोक बिस्किटं संपल्यावर उठले. घरमालक मात्र शेवटपर्यंत बसले आणि त्यांनी इतके प्रश्न विचारले की त्या बिचारीची नागपूरची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो तर त्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर काकूंची लाल टिकली चिकटवलेली होती.

तिथून त्यांनी जगाशी जे वैर मांडलं त्याला तोड नाही. जन्मतारीख ही माणसाची तिजोरी आहे असं प्रशिक्षिकेने सांगितलं होतं म्हणून त्यांनी स्वतःचा वाढदिवसच रद्द केला. काकूंनी हौसेने पेढे आणले, तर शेजाऱ्यांना ते मारुतीचा प्रसाद म्हणून वाटावे लागले. मोबाइलवर आलेली लग्नपत्रिका ते उघडत नसत, कारण पत्रिका उघडली की फोन चोराच्या हाती जातो. वडनेरच्या भाच्याचं लग्न ठरलं, पत्रिका मोबाइलवर आली, आणि हे ती न उघडता, लग्न खरं आहे की नाही ते पाहायला स्वतः एसटीने वडनेरला गेले. तिथे मांडव पडत होता. "आलेच आहात तर थांबा," म्हणून भाच्याने त्यांना दोन दिवस पाहुण्यांच्या सरबराईला जुंपलं. परतल्यावर मला म्हणाले, "लग्न खरं निंघालं, सर. पन खात्री केलेली बरी." आर्वीच्या बसस्थानकावर कोणी फोन चार्जिंगला लावलेला दिसला की हे त्याच्या शेजारी जाऊन बसत आणि चार्जिंगच्या वायरीतून होणाऱ्या चोरीबद्दल हलक्या आवाजात त्याला इतकं काही सांगत की तो माणूस फोन काढून घेई आणि स्वतःही जागा बदली.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा शब्द. घरातल्या माणसांनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, म्हणजे कोणी मुलाचा आवाज काढून फोन केला तरी फसगत होत नाही, असं कार्यक्रमात सांगितलं होतं. घरमालकांनी तो फोनवरून उचलून थेट घराच्या फाटकावर आणला. दर आठवडी बाजाराला नवा शब्द निघे, बहुधा त्या दिवशी घरात शिजलेल्या पदार्थाचा. पाटोडी, आंबाडी, झुणका. तो मला, दूधवाल्याला, पुण्याच्या मुलाला, सगळ्यांना कळवला जाई. मुलगा ऑफिसच्या बैठकीतून चोरून फोन करी, बाप विचारी, "शब्द?" आणि तो गडी वरिष्ठांच्या देखत तोंडावर हात धरून "आंबाडीची भाजी" असं पुटपुटे. मे महिन्यातल्या भर दुपारी मी हातात टरबूज घेऊन फाटकाशी आलो आणि शब्द विसरलो. आतून घरमालक म्हणाले, "शब्द?"

"अहो, मी समोर दिसतोय की तुम्हाला."

"दिसून राह्यले. पन दिसन्याचा आता काही भरोसा नाई, सर. आजकाल तोंड बी बनवून देतात, आवाज बी."

मग मी आठवतील त्या भाज्यांची नावं घेत सुटलो. शेवटी रस्त्यावरून जाणारी भाजीवाली गाडी थांबवून म्हणाली, "वांगेच उरले हाये, सर. बाकी संपलं." शब्द वांग्याचं भरीत हाच होता, म्हणून मी आत गेलो.

काकूंनाही सूट नव्हती. तुळशीला पाणी घालून आत येताना, देवळातून परतताना, नुसतं शेजारी कढीपत्ता मागायला जाऊन आल्या तरी "शब्द?" हे ठरलेलं. काकू लाजून हसत आणि सांगत. कधी अडखळल्या तर घरमालक पहिलं अक्षर सांगत, मग दुसरं, आणि शब्द निघाला की स्वतःच परीक्षेत पास झाल्यासारखे खूश होत. मला त्यांनी कधी एक अक्षरही सांगितलं नाही, हे मी काकूंकडे तक्रार म्हणून बोललोही होतो. गमतीचा भाग सोडला तर ते घर सतत धसक्यात असे. फोन वाजला की सगळ्यांचे हात होते तिथेच थांबत. भीती सर्दीसारखी असते, एकत्र राहिलं की लागते. मीही झोपण्यापूर्वी कडी पुन्हा ओढून पाहू लागलो.

एव्हाना घरमालक त्या कार्यक्रमाचे स्वयंसेवक झाले होते. एका दुपारी ते टोपी घालून हायवेवरच्या जाम गावी, चौकातल्या हॉटेलवाल्यांना शहाणं करायला गेले. मी सुट्टी असल्यामुळे घरी होतो. जिन्यावरून उतरताना मला काकूंचा मोबाइलवर बोलतानाचा आवाज आला. वीज कंपनीतून बोलतो म्हणणारा कोणी होता, आणि काकू त्याला माहेरचा पाहुणा आल्यासारखं सगळं सांगत होत्या. नाव, मुलाचं नाव, तो कुठे असतो, मालक जामला गेलेत, घरात मी एकटीच. मी फोन त्यांच्या हातून घेऊन बंद केला.

संध्याकाळी घरमालक आले. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी भीत भीतच सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी काकूंना हाक मारली आणि विचारलं, "दुपारी कोनाचा फोन आलता व?"

"फोन? कोनाचाच नाई," काकू म्हणाल्या. "मी तं झोपलती." त्यांचा चेहरा घासलेल्या ताटासारखा स्वच्छ होता. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या चहा ठेवायला आत गेल्या.

घरमालक पायरीवर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"मागच्या दिवाळीपासून हाये हे," ते म्हणाले. "बाजारातून घरचा रस्ता इसरली. मी गेलतो शोधाले, तं भांड्याच्याच गल्लीत उभी. डॉक्टर म्हने, रोज काही ना काही आठवाले लावत जा. अन् थ्या दिवशी तुमच्या कॉलेजात पोरीनं सांगतलं, चोर पह्यले इसरनारा मानूस शोधते. पैसा गेला तं जाऊ द्या, तिच्या फोनातून बँक मी कवाच काढून टाकली. पन कोनी गोड बोलून तिले घराबाहेर बोलावलं तं?"

"म्हणजे तो शब्द..."

"तिच्यासाठीच. आठवडाभर किती टिकते, थे पाहाले. पन एकटीले इचारलं असतं तं तिले समजलं असतं, आपली परीक्षा होऊन राह्यली. तोंड उतरलं असतं तिचं. म्हनून मंग सगळ्याइलेच इचारतो. तुमाले, पोराले, दूधवाल्याले."

आतून काकूंनी विचारलं, साखर घातली होती का मी? घरमालक म्हणाले, नाही घातली, घाल. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "घातली असन. गोड पिऊन घेजा." तो चहा अतिशय गोड होता आणि आम्ही दोघांनी तो संपवला. त्या माणसाला मी इतके दिवस हसत होतो, आणि आता त्याची भीती पूर्णपणे माझी झाली होती. काकू दुपारी कुठे दिसल्या नाहीत की मी खिडकीतून रस्ता पाहू लागलो.

पोळा झाल्यानंतरच्या एका संध्याकाळी काकू देवळातून आल्या. शेजारीणबाई त्यांना फाटकाशी सोडून पुढे गेल्या. मी जिन्यावर होतो. घरमालकांनी नेहमीसारखं विचारलं, "शब्द?" काकू थांबल्या. घरमालकांनी पहिलं अक्षर सांगितलं. मग दुसरं. काकूंनी फाटकाचे गज घट्ट धरले, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी भीती आली की मला शब्द ओरडून सांगावासा वाटला. त्या नवऱ्याकडे परक्या घराच्या दारात उभं राहिल्यासारख्या पाहत होत्या.

"आठवत नाई," त्या म्हणाल्या.

घरमालकांचा हात कडीवर होता.

"बरोबर," ते म्हणाले. "तोच शब्द हाये."

"मले नाई सांगतला तुमी."

"आत्ताच बदलला," असं म्हणून त्यांनी फाटक उघडलं.

त्या रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा नवा शब्द त्यालाही कळवण्यात आला. तो म्हणाला, "बाबा, हा कसला शब्द? कोणीही म्हणेल." घरमालक म्हणाले, "म्हनू दे." त्यानंतर त्या घराचा शब्द कधी बदलला नाही. दूधवाला "आठवत नाई" म्हणून दूध घाली आणि मी तेच म्हणून घरात शिरे. काकू मात्र दर वेळी पास होत. घरमालकांनी भाषणं द्यायला जाणं सोडलं, दुकान लवकर बंद करू लागले.

पुढे माझी बदली हिंगणघाटला झाली. परवा सहज आठवण आली म्हणून फोन केला. पलीकडून काकूंचा आवाज आला, थोडा बारीक झालेला, "शब्द?"

"आठवत नाही, काकू."

"मलेबी नाई," त्या हसून म्हणाल्या.

मागून घरमालकांचा घाबरा आवाज आला, "कोन हाये व? कोनाचा फोन हाये?"

"मालूम नाई," काकू म्हणाल्या. "आपलाच हाये कोनीतरी."