चौकशीसाठी कडूबाला भेटा

कुंभार पिंपळगावात कुणाच्या घरची सोयरिक जुळायची असेल, तर पत्रिका, फोटो, मध्यस्थ हे सगळं नंतर. आधी कडूबाची गिरणी. स्टँडवरून आमच्या गल्लीत शिरताना पहिलं दार तिचंच आहे. बाहेरगावचा माणूस आला की त्याला भुवयांपर्यंत पिठाने माखलेला, हसरा, साठीचा कडूबा दिसतो आणि हा माणूस खोटं बोलणार नाही अशी त्याची तिथल्या तिथे खात्री पटते. समोरच माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे ही खात्री पटताना मी शेकडो लोकांना बघितलंय.

कडूबा खोटं बोलत नाही, तो वाढवून बोलतो. पोराची एक विहीर असेल तर तो दोन करतो. दवाखान्यात केसपेपर फाडणाऱ्याला डॉक्टरचा उजवा हात करतो. दिवसाआड पिऊन पडणाऱ्याबद्दल विचारलं तर म्हणतो, "पोरगं तसं घरीच ऱ्हातं." यासाठी त्याने कधी कुणाकडून कपभर चहासुद्धा घेतला नाही. विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, "लेकराच्या कल्याणाचं काम असतं, प्रितम. तिथं हात आखडून बोलू न्हाई." त्याची बायको नंदाबाई मात्र गिरणीचा पट्टा सारखा करता करता म्हणते, "फुकट थापा मारणारा असा माणूस जिल्ह्यात दुसरा घावायचा न्हाई."

याच कडूबाने गेल्या वर्षी आमच्या इनायतभाईला श्रीमंत केलं.

इनायतभाई गिरणीला लागूनच राहतो. फवारणीचे पंप दुरुस्त करतो. आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून बसतो, कपाशीच्या दिवसांत जरा बरं चालतं, एरवी पाने-पकडी पुसत बसतो. बायको कमरुन्निसाभाभी साड्यांना फॉल-पिको करते. त्यांची लायबा बारावीला गल्लीत कधी कुणाला पडले नव्हते एवढे मार्क घेऊन पास झाली आणि तिला जालन्याच्या एका कॉलेजात बी.फार्मसीला नंबर लागला. त्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. सरकारने मुलींना असल्या कोर्सची फी माफ केली आहे. अट मुख्य एकच, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. कॉलेजने सांगितलं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला महिनाअखेरपर्यंत आणा, नाहीतर अख्खी फी भरा. अख्खी फी भरायची म्हणजे लायबाने घरी बसायचं, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

सरकारचं द्यायला कधीच नाही नसतं. फक्त घेणाऱ्याने आपण घ्यायच्या लायकीइतके गरीब आहोत हे सिद्ध करायचं. आमच्याकडे त्याची पद्धत फार सोपी आहे. तलाठ्याच्या टेबलापुढे उभं राहायचं, तो विचारतो उत्पन्न किती, आपण कमी सांगायचं, तो त्याहून कमी लिहितो. यामुळे आमच्या गावात दोन मजली गरिबी पुष्कळ आहे. एक तर अशी आहे की तिच्या दारात चारचाकी उभी असते आणि तिची दोन्ही पोरं फीमाफीवर इंजिनियर झाली.

पण लायबाच्या नशिबाने त्याच महिन्यात नवा तलाठी आला. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, म्हणून तर तो जास्तच मनावर घेऊन आला असावा. आमिर त्याचं नाव. परीक्षा देऊन लागलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, पहिलीच नेमणूक. अर्जावर 'प्रत्यक्ष चौकशी करून' असे शब्द छापलेले असतात. आजवर ते वाचायची कुणावर वेळ आली नव्हती. या पोराने ते वाचले. वर, ओळख न देता चौकशी केली की खरं कळतं, असंही त्याला क्लासमध्ये कुणीतरी शिकवलेलं होतं. प्रामाणिक माणसाने सरकारी कामात केवढं नुकसान करावं याला काही मर्यादा आहे की नाही?

तो आला तेव्हा इनायतभाई अंबडच्या बाजाराला गेल्ता, मायलेकी कागद दाखवायला जालन्याला गेल्त्या. घराला कुलूप. मी आत एका म्हाताऱ्याच्या अंगठ्याचा ठसा घेत होतो. मशीन काही तो ठसा मानत नव्हतं, त्यामुळे बाहेर काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. आमिरने गाडी गिरणीपुढे लावली.

"चाचा, इनायतभाईंचं घर हेच ना?"

"हेच की. कुठून येणं झालं?"

"जालन्याहून. जरा चौकशी करायची होती. घरात कोण कोण आहे, मुलगी काय करते, कमाई किती आहे..."

कडूबाने गिरणी बंद केली. इस्त्रीचा शर्ट पाहिला, नीट राखलेली दाढी पाहिली, चकचकीत गाडी पाहिली. लग्नाच्या वयाची मुलगी, जालन्याहून आलेला एकटा मुसलमान पोरगा, आणि कमाईची विचारपूस. कडूबाच्या जागी गल्लीतलं कुणीही असतं तरी तेच समजलं असतं. नवरदेव स्वतःच बघायला आलाय.

"बसा, बेटा," कडूबा म्हणाला आणि त्याला पोत्यावर बसवलं. "तुमी नोकरीला हाव का?"

"हो. सरकारी."

झालं. सरकारी नोकरी म्हटल्यावर कडूबा पेटलाच. इनायतभाईला त्याने पंपांच्या कंपनीची एजन्सी दिली. हाताखाली चार पोरं दिली. पोराने विचारलं, जमीन किती? तर कडूबा म्हणाला, "हाय की आठ एकर, बागायत. पन इकडं न्हाई, सासुरवाडीकडून आलेली, अंबडकडं. तुमाला इथल्या सातबाऱ्यात दिसायची न्हाई." भाभीच्या फॉल-पिकोचा त्याने कपड्याचा कारखाना केला. मुलीबद्दल म्हणाला, शांत हाय, हुशार हाय, हाताला चव हाय. हे शेवटचं पोराने लिहून घेतलं नाही. कडूबाला त्याचं जरा वाईट वाटलं, पण बाकीचं सगळं बारकाईने लिहून घेतलं म्हणून तो खूश होता.

"मिळून वर्षाचे किती धरायचे, चाचा?"

"चौदा-पंधरा लाखाला मरण न्हाई."

त्या संध्याकाळी कडूबाने गल्लीभर सांगितलं की लायबाचं काम झालं म्हणून समजा, पोरगा मनात भरलाय. कमरुन्निसाभाभीला नंदाबाईने विचारलंसुद्धा, "भाभी, जावई सरकारी का?" भाभीला ती थट्टाच वाटली.

आठवड्याने दाखला माझ्या कॉम्प्युटरवर आला. मी प्रिंट काढून इनायतभाईच्या हातात दिला. 'वार्षिक उत्पन्न रुपये चौदा लाख फक्त.' इनायतभाईने तो दोनदा वाचला, आणि मी शपथेवर सांगतो, पहिल्यांदा त्याने कॉलर सरळ केली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तहसीलदाराच्या सहीने त्याला चौदा लाखांचा धनी म्हटलं होतं. तेवढं सुख त्याला घेऊ द्यायला हवं होतं. पण मागून लायबाने आकडा वाचला आणि ती खालीच बसली.

मला राग आला की माझं तोंड सुटतं. तलाठ्याला, तहसीलला, पोर्टलला सगळ्यांना मी उभं-आडवं घेतलं. कार्यालयात जाऊन आमिरला विचारलं तेव्हा त्याने वही उघडून पानच दाखवलं. खाली लिहिलं होतं, 'माहिती देणार: शेजारी, पिठाची गिरणी.'

मी तसाच गिरणीवर गेलो. कडूबा कुणाची तरी ज्वारी दळून राह्यला होता. मी सगळं सांगितलं, ओरडूनच सांगितलं. गिरणी चालू होती म्हणून नाही, ओरडायचंच होतं म्हणून. लायबा माझ्या मागेच येऊन उभी होती. ती ओरडली नाही.

"कडूबाकाका," ती म्हणाली, "तुम्ही मला एवढं श्रीमंत केलं, की आता मला शिकता येणार न्हाई."

कडूबाने तोंडावरून हात फिरवला. पीठ निघालं आणि आतला म्हातारा माणूस दिसला. "मला वाटलं, बेटा, सोयरिक हाय," एवढंच तो बोलला.

दाखला दुरुस्त करायचा तर तहसीलदाराकडे अर्ज, आणि ज्याने माहिती दिली त्याचा स्वतःचा जबाब. माझी माहिती खोटी होती, असं त्याने सरकारपुढे लिहून द्यायचं. मला वाटलं, हा काही येणार नाही. गावातल्या निम्म्या संसारांचा पाया कडूबाचा शब्द आहे. तो शब्द खोटा असतो हे सरकारी कागदावर गेलं, की उद्या गिरणीवर दहा सासरे उभे राहणार. नंदाबाईनेही हेच ऐकवलं. कडूबाने गिरणी बंद केली, अंघोळ केली आणि धुतलेला सदरा घालून आमच्याआधी तहसीलला, घनसावंगीला जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसला.

तहसीलमध्ये जबाब घ्यायला भागवत नावाचे अव्वल कारकून होते. जाड चष्मा, कमी बोलणं. समोर कडूबा, बाजूला इनायतभाई, लायबा आणि मी, दाराशी आमिर.

"म्हणजे तुम्ही शासनाला खोटी माहिती दिली?"

"शासनाला न्हाई दिली, साहेब. मला वाटलं नवरदेव हाय."

आमिर कानापर्यंत लाल झाला. लायबा वरच्या पंख्याकडे बघायला लागली.

"नवरदेवाला खोटं सांगितलेलं चालतं?"

"खोटं म्हंजी..." कडूबा अडखळला, "जरा वाढवून. लेकराचं काम असतं."

"सगळ्यांचंच वाढवून सांगता?"

"सगळ्यांचंच, साहेब."

भागवतांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्या गिरणीवर आलो होतो. तुम्हाला आठवत नसणार. वरच्या वाडीचं स्थळ होतं, माझ्या वंदनासाठी. मुलाला बारा एकर बागायत आहे म्हणालात."

ते खरं होतं असं कडूबा म्हणाला, तर चौकशीला आलेल्याला हा खरं सांगतो असा त्याचा अर्थ होतो, आणि मग इनायतभाईचे चौदा लाखही खरे ठरतात. खोटं होतं म्हणाला, तर ज्याच्या पेनात लायबाचं कॉलेज आहे त्याच माणसाला, तुमच्या मुलीला मी फसवलं, असं तोंडावर सांगायचं. इनायतभाई कडूबाचा सदरा मागून ओढत होता, काही बोलू नको म्हणून.

"खोटं होतं, साहेब," कडूबा म्हणाला. "पाच एकर हाय. कोरडवाहू."

"ते मला पहिल्या दिवाळीलाच कळलं." भागवतांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला मी काय बोलू? अख्ख्या तालुक्याचे सातबारे माझ्या टेबलावर होते. एक पान उलटून बघायचं होतं. ते सोडून मी गिरणीवर विचारायला आलो. वंदना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला स्कॉलरशिप चालू होती. मीच म्हणालो, एवढं बागायतदाराचं घर मिळतंय, आता ती घेऊन काय करायची."

मग भागवतांनी पेन उचललं आणि जबाब स्वतःच्या हाताने, सावकाश, एकही खाडाखोड न करता लिहून काढला. कडूबाने सही केली. त्याच दुपारी दुरुस्त दाखला निघाला. सरकारी कार्यालयात एका दुपारी काही निघालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. लायबाने तो दोन्ही हातांनी धरला आणि जाताना भागवतांना सलाम केला. त्यांनी मान वर केली नाही.

परतीच्या जीपमध्ये कडूबा माझ्या शेजारी बसला होता. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "प्रितम, मी आजवर किती पोरींचं शिकणं बंद पाडलं असंल रे?" मला त्याची दया येत होती आणि रागही गेला नव्हता. मी खिडकीची काच वर-खाली करत बसलो.

लायबा जालन्याला कॉलेजात जायला लागली. दिवाळीनंतर खरोखरचे पाहुणे आले. मंठ्याचे, दोन वडीलधारे, त्यांच्या पोरासाठी. थेट गिरणीवर. या वेळी मी दुकान सोडून दारात उभा राहिलो.

"मुलगी शिकते," कडूबा म्हणाला. "चार वर्सांनी या."

"आणि घरचं कसं आहे?"

"गरीब हायेत. पंप दुरुस्त करतो बाप. दोन खोल्या हायेत. फी सरकार भरतंय, म्हणून शिकून राह्यली."

एक दाणा वाढवला नाही. माझा कडूबावरचा सगळा राग तिथेच उतरला. जाऊन त्याला मिठी मारावी असं वाटलं, पीठ लागलं असतं तरी चाललं असतं.

पाहुणे माघारी फिरले. माझ्या दुकानापुढे थांबून मोठा धाकट्याला म्हणाला, "पडोसी इतना छुपारा, मतलब घर में बहोत है. और बेटी की जल्दी भी नहीं." धाकट्याने मान डोलवली. मग ते स्टँडवरच्या हॉटेलात चहा प्यायला बसले आणि अंधार पडायच्या आत इनायतभाईचा जालन्यात बंगला झाला, अंबडला पंपांचा कारखाना झाला. कडूबा त्यात कुठेच नव्हता.

लायबाचा दाखला एका वर्षाचा आहे. मार्च संपला की नवा लागेल. परवा आमिर भेटला, फार समजूतदार झालाय आता. म्हणाला, "गिरणीवर नाही जाणार, प्रितमभाऊ. या खेपेला गुपचूप हॉटेलात विचारतो."