ओहोळाच्या तोंडचा गाळ

उन्हाळ्यात आमच्या पाड्याचा बंधारा आटला की एक मावशी मला शाळेच्या वाटेवर रोज भेटते. नाव मी कधी विचारलं नाही. तळातला गाळ घमेल्यात भरायचा आणि टेकडीवरच्या आपल्या नागलीच्या शेताच्या तुकड्यात नेऊन टाकायचा, हे तिचं काम. घमेलं ती मध्ये उतरवत नाही, कारण परत चढवून द्यायला सोबत कोणी नसतं. त्यामुळे बोलतेही मान न वळवता, एका श्वासात मावेल एवढंच.

"मावशी, दर पावसात हे वाहून जातं. दमत नाही का तुम्ही?"

"दमते ना. पण माझीच माती हाय, गुरुजी."

दरवर्षी पहिलीला तीच बाराखडी शिकवणारा मी शाळेकडे वळलो.

तिच्या शेतातून येणारा ओहोळ जिथं बंधाऱ्याला मिळतो, तेवढ्याच जागेतला गाळ ती घेते. त्यात निम्मी रेतीच असते. मधला गाळ मात्र काळा आणि लोण्यासारखा मऊ असतो. एकदा न राहवून म्हटलं, "मधला घ्या की. तो कसदार आहे."

"तो वरच्या पाड्याचा," ती म्हणाली. "तेंना लागंल."

वरचा पाडा दिवाळीनंतरच वीटभट्ट्यांवर गेला होता. घरांना कुलुपं होती. हे तिलाही माहीत होतं.

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी पाहिलं. मधला गाळ तसाच भेगाळून पडला होता आणि ओहोळापाशी तिचा कमरेएवढा खड्डा झाला होता.

आषाढात तो खड्डा गाळानं पुन्हा भरला.