जेरुसलेमची थोरली पाती

लग्न होऊन देवासला आले तेव्हा धारच्या माझ्या आईने एकच सूचना दिली होती. "स्वयंपाक सावकाश शिकशील. कोण थोरल्या पातीचं आणि कोण धाकट्या पातीचं, ते आधी पाठ कर."

बाहेरच्यांसाठी सांगते. देवास या एका गावात पूर्वी दोन राज्यं होती, दोघा भावांची. थोरल्याच्या वंशाची ती थोरली पाती, धाकट्याच्या वंशाची ती धाकटी. रस्त्याच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. राज्यं गेली, राजे गेले, त्या रस्त्यावर आता मोबाइलची दुकानं आणि कचोरीचे ठेले आहेत. पण ज्यांचे पणजे-खापरपणजे त्या दरबारांत कारकून, फडणीस किंवा पागेवर होते, त्या आम्हा मराठी मंडळींनी राजांच्या माघारी सीमा अजून सांभाळली आहे. मंडळाच्या हॉलमध्ये थोरल्या पातीची घरं उजवीकडे बसतात, धाकट्या पातीची डावीकडे. असा नियम कुणी केलेला नाही, त्यामुळे तो बदलताही येत नाही. नवी सून असताना पंख्याखालची जागा बघून मी एकदा डावीकडे बसले, तर सासूबाईंनी घरी येईपर्यंत माझ्याशी अबोला धरला. त्या स्वतः माहेरच्या धाकट्या पातीच्या. लग्नानंतर उजवीकडे आल्या आणि जन्मापासून तिथे बसलेल्यांपेक्षा कडक झाल्या.

आमच्या धारला बिचारा एकच राजा होता. या सुखाला आम्ही मुकलो.

पूर्वी मंडळाचे गणपतीही दोन असत. मग वर्गणी आणि उत्साह दोन्ही आटले, तेव्हा नाइलाजाने एक मूर्ती आणायचं ठरलं. पहिल्या आरतीचा मान एका वर्षी उजवीकडच्यांचा, एका वर्षी डावीकडच्यांचा. मी एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करते आणि कामं वेळेवर उरकते. हा दोष मंडळाच्या लक्षात आल्यावर मुलांचा कार्यक्रम कायमचा माझ्या गळ्यात पडला.

मागच्या वर्षी मी मराठी इतिहासातला एक देखावा बसवला होता. त्यातल्या पुठ्ठ्याच्या घोड्याचं तोंड डावीकडे झालं, म्हणून उजवीकडची अर्धी माणसं प्रसाद न घेता घरी गेली. तेव्हा यंदा मी पक्कं ठरवलं: मराठ्यांचा इतिहास नको, माळव्याचा नको, हिंदुस्थानचाच नको. दूरचं, जुनं, कुणाच्याही नात्यात न बसणारं काहीतरी हवं. कॉलेजच्या ग्रंथालयात जगाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात मला तो सापडला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यू राजघराण्याचा शेवटचा वारस, सोळा-सतरा वर्षांचा.

त्याची कथा थोडक्यात अशी. जेरुसलेमच्या गादीवरून दोन भाऊ भांडले. थोरला मवाळ, धाकटा तापट. निवाडा होईना, म्हणून दोघांनीही रोमच्या सेनापतीकडे धाव घेतली. सेनापतीने निवाडा केला, म्हणजे शहरच घेतलं. पुढे या गोंधळात थोरल्याच्या कारभाऱ्याचा मुलगा रोमच्या आशीर्वादाने राजा झाला, आणि घराण्यातली मुलगी करून जावईही झाला. आमचा वारस म्हणजे या राजाचा मेहुणा. त्याची आई थोरल्याची मुलगी, वडील धाकट्याचा मुलगा. म्हणजे दोन्ही पात्या त्याच्यात एक झालेल्या. राजाने त्याला मुख्य पुजारी केलं. त्यांच्यात मांडव घालून साजरा करायचा एक सण असतो. त्या सणाला हा देखणा मुलगा वेदीपाशी उभा राहिला आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी भावोजींनी पाहिलं. मग एका गरम दिवशी, जेरिकोच्या राजवाड्यातल्या तलावात, राजाच्या माणसांनी त्याला खेळता खेळता पाण्याखाली धरलं. राजा धाय मोकलून रडला आणि त्याने अंत्ययात्रा फार थाटाची काढली.

मधे एकदा आईने मुलाला आणि स्वतःला शवपेट्यांत घालून पळून जायचा बेत केला होता, तोही फसला. तो प्रवेश मी गाळला. दोन शवपेट्या कुठून आणायच्या आणि नंतर ठेवायच्या कुठे?

वारसाचं काम माझ्या मुलीने मागितलं. इथे मला खरं सांगायला हवं: नाटकाचं मला फारसं काही पडलं नव्हतं. मला तिचं मराठी परत हवं होतं.

आमच्याकडची सगळी मुलं हिंदी शाळांत शिकतात. घरी मराठी बोलतात, पण त्यात निम्मी हिंदी आणि चिमूटभर माळवी असते. दोन वर्षांपूर्वी ती याच स्टेजवर कविता म्हणत होती. मधेच एक हिंदी शब्द आला. पहिल्या रांगेतल्या उजवीकडच्या काकांनी तो मोठ्याने दुरुस्त केला. हे आमच्या मंडळातले शुद्धतेचे राखणदार. पन्नास सालापूर्वीचं मराठी बोलतात आणि सगळ्यांनी तेच बोलावं असा दंडक घालतात. लोक हसले. ती कविता अर्धी टाकून खाली उतरली, आणि त्या दिवसापासून तिने घरात मराठी बंद केलं. सासूबाई विचारायच्या, "काय झालं गं बाळा?" उत्तर यायचं, "कुछ नहीं, आजी." आजी आणि नात एकाच सोफ्यावर बसून दोन राज्यांत राहू लागल्या.

म्हणून मी नाटकाचा कागद टेबलावर ठेवला आणि ती तो वाचून म्हणाली, "ये लड़का मैं करूँगी," तेव्हा मी "बरं" एवढंच म्हटलं आणि भाजी चिरत राहिले. जास्त आनंद दाखवला असता तर तिने काम सोडलं असतं. रोज संध्याकाळी ती खोलीचं दार लावून भाषणं पाठ करायची. दाराबाहेर सासूबाई जपमाळ घेऊन बसायच्या. जप होत नव्हता हे मला दिसत होतं.

गणपती आठवड्यावर आले आणि काका तालीम बघायला आले. उजवीकडचे काका तर आलेच, सोबत डावीकडचे काकाही. हे निवृत्त शिक्षक, त्यांच्या पातीचे पुढारी. दोघं दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले. पहिला प्रवेश संपताच उजवीकडचे उठले.

"सूनबाई, हा थोरला भाऊ असा मेंगळट का दाखवलाय?"

"काका, तो होताच तसा. इतिहास आहे."

"इतिहास आहे हे कबूल. पण थोरल्यांनी काय असंच बसून राहायचं?"

डावीकडचे काका हसले. "त्यांचं राहू द्या. आमच्या धाकट्याला तुम्ही भांडकुदळ केलंत, त्याचं काय?"

"आमच्या म्हणजे? काका, ही ज्यू माणसं आहेत. जेरुसलेमची. दोन हजार वर्षांपूर्वीची."

"ते आम्हांला कळतं हो वहिनी," डावीकडचे काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण लोकांना काय वाटेल?"

लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मुलं सोडली तर हॉलमध्ये त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

मग उजवीकडच्यांना कळलं की पुढे थोरल्या भावाचे कान कापले जातात, कारण तो मुख्य पुजारीही होता, आणि अंगात खोट असलेल्याला पुजारी राहता येत नाही. थोरल्याचं काम करणारा मुलगा त्यांचाच नातू. "आमच्या पोराचे कान कापणार? भर गणपतीत?" मी म्हटलं, कान राहू देते. तर डावीकडचे म्हणाले, त्यांचे कान राहिले तर आमच्या धाकट्यालाही पुढे विष घालायचं नाही. विषही काढलं. दोन तासांत माझ्या नाटकातल्या जेरुसलेमवर कसलंच संकट उरलं नाही.

तरी भागलं नाही. दुसऱ्या दिवशी बैठक झाली आणि माझ्या लग्नानंतर प्रथमच दोन्ही पात्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: नाटक आक्षेपार्ह आहे. किती काढायचं आणि काय ठेवायचं, यावर मात्र पुन्हा फूट पडली. शेवटी उजवीकडचे काका म्हणाले, "तिऱ्हाईताकडे जाऊ. भिया सांगतील ते मान्य."

भिया म्हणजे आमच्या वॉर्डातले पुढारी. नाव कुणी घेत नाही, लहानथोर सगळे भियाच म्हणतात. मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही, म्हणून ते निःपक्षपाती. दोन्ही काका एकाच रिक्षातून त्यांच्याकडे गेले. रोमच्या सेनापतीकडे दोन्ही भाऊ निदान वेगवेगळे गेले होते. ते निघताना मी हे सांगून पाहिलं. कुणी हसलं नाही. "वहिनी, आता नाटक पुरे," असं मात्र कुणीतरी म्हटलं.

भियांनी पोहे खाऊ घातले आणि निवाडा केला. नाटक रद्द. त्या जागी त्यांच्या भाच्याचा ऑर्केस्ट्रा. भियांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. आणि पहिल्या आरतीवरून दरवर्षी कुरबूर नको, म्हणून यंदापासून पहिली आरती भिया स्वतः करतील. दोन्ही काका अगदी समाधानाने परतले. मान आपल्याला मिळाला नाही, हे खरं. पण समोरच्यालाही मिळाला नव्हता.

मी घरी सांगितलं तेव्हा मुलगी मोबाइल चार्जिंगला लावत होती. "हो गया ना? मुझे पता था," ती म्हणाली. कागद टेबलावर ठेवून खोलीत गेली, पण या वेळी तिने दार लावलं नाही. दार लावून करण्यासारखं आत आता काही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा सासूबाई आपल्या पातीबद्दल वाईट बोलल्या. तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही, पण शुद्ध मराठी होता.

मी रडत बसणारी बाई नाही. नाटक रद्द झालं होतं, पण कार्यक्रमाचा क्रम लावणं माझ्याचकडे होतं. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे: पुढारी वेळेवर येत नाही, आणि तो आल्याशिवाय ऑर्केस्ट्रा सुरू होत नाही. मी मुलांना म्हटलं, "कपडे घालून तयार राहा. ते येईपर्यंत मुलांचं काहीतरी होईल." मुलीला म्हटलं, "तूही." तिने पांढरा झगा इस्त्री करून घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. उजवीकडे उजवे, डावीकडे डावे, मधे भियांसाठी मखमली खुर्ची, रिकामी. बराच वेळ गेला. लहान मुलं रडायला लागली, मोठी माणसं घड्याळं बघू लागली. डावीकडचे काकाच शेवटी म्हणाले, "वहिनी, मुलांचं काही असेल तर उरकून घ्या ना तोवर." मी उरकायला घेतलं.

भाऊ भांडले, कान शाबूत राहिले, रोम आला. मग तलाव. म्हणजे माझी निळी साडी, दोन मुलांनी दोन टोकांना धरलेली. मुलगी काठावर आली. मी लिहिलेलं भाषण मोठं होतं. "हे पाणी कुणाचं?" ती म्हणाली. "या आजोबांचं की त्या आजोबांचं?" आणि थांबली. पुढचं आठवेना. साडीच्या लाटा हलत राहिल्या. पहिल्या रांगेत उजवीकडच्या काकांनी सवयीने घसा साफ केला. माझ्या हातातला प्रसादाचा डबा मी इतका घट्ट धरला होता, की झाकणाला कायमचा पोचा आला. ती आताही खाली उतरली असती तर पुन्हा कधी वर चढली नसती.

काका म्हणाले, "पुढचं वाक्य असं असावं, की..."

"काका, रुको ना. मला येतंय."

ती दोन्हीकडे बघून बोलू लागली. माझं भाषण नव्हे, स्वतःचंच. "दोघं माझेच आजोबा. दोघं भांडले. मग त्या रोमवाल्याकडे गेले, की भिया, जरा फैसला कर दो. तो आला, आणि घरातच बसून राहिला. आता तुम्ही बसा भांडत. मला गरम होतंय. मी पोहायला चाललो."

भिया हा शब्द हॉलभर फिरला, आणि सगळ्यांच्या नजरा त्या रिकाम्या मखमली खुर्चीवर गेल्या. आधी डावीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग उजवीकडून, मग सगळेच. काकांनी तिचा शब्द दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ती निळ्या साडीत बुडली.

राजा रडत होता, वारस पांढऱ्या चादरीखाली पडला होता, तेवढ्यात ढोल वाजले आणि भिया आले, गळ्यात हार घालूनच. समोर प्रेत बघून ते चपला काढून स्टेजवर चढले, आपल्या गळ्यातला हार काढून वारसाच्या पायांशी ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "बहुत दुख हुआ." राजा झालेल्या सातवीतल्या मुलाला ही स्पर्धा वाटली, तो आणखी जोरात रडू लागला. इतकी हुबेहूब अंत्ययात्रा मला लिहून साधली नसती.

मग आरती झाली. भिया पुढे, दोन्ही पात्या त्यांच्यामागे एका रांगेत टाळ्या वाजवत. सीमा प्रथमच पुसली गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाजारात उजवीकडचे काका भेटले. "मुलगी छान बोलली. पण एक सांगतो, तो वारस खरा थोरल्याचाच." संध्याकाळी डावीकडच्या काकांचा फोन आला: वारस सरळ सरळ धाकट्या पातीचा, वंश बापाकडून चालतो. दोघांनाही मी म्हटलं, अगदी बरोबर.

मुलगी मात्र खूश नव्हती. जेवताना, पोळीचा तुकडा हातात धरून, ती आजीला सांगत होती, "आजी, आईने ना पेट्यांचा सीन काढून टाकला. सगळ्यात भारी तोच होता. दोघं पेटीत लपून भागतात, माहितीय?"

"पळतात," मी म्हणणार होते. सासूबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"मग? पुढे काय झालं गं?" त्यांनी विचारलं.