दिवेलागणीनंतरचं विरजण

देवणीहून नांदेडला मुलाकडे राहायला आले, त्या वर्षी माझं मन आजारी पडलं. आज हे वाक्य मी सहज लिहिते. तेव्हा कुणी माझ्या तोंडावर म्हणालं असतं, तर त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. सगळी नोकरी देवणीच्या शाळेत गेली. पोरांचा गोंगाट ऐकून कान किटले होते आणि निवृत्तीनंतर शांतता मिळणार म्हणून मी हरखून गेले होते. शांतता मिळाली, आणि तिनंच माझा घात केला.

मुलगा आणि सून सकाळी डबे घेऊन बाहेर पडत आणि अंधार पडल्यावर घरी येत. मधला अख्खा दिवस माझा. स्वयंपाकाला बाई, धुण्याला मशीन. सून गुणाची आहे, पण सासूला सुख द्यायचं म्हणजे तिला कशाला हात लावू द्यायचा नाही, अशी तिची समजूत. "आई, तुम्ही आता फक्त आराम करा." आराम करून करून मी दमले. रात्री डोळ्याला डोळा लागेना, घास उतरेना, आणि टीव्हीवर साध्या खोबरेल तेलाची जाहिरात लागली तरी डोळ्यांत पाणी यायला लागलं. यजमान गेले तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते, कारण तेव्हा दुसरीकडे बघायला शाळा होती. आता बघायला एक भिंत होती, आणि मला खरंच भीती वाटायला लागली की आपण हळूहळू अशाच विझून जाणार.

मुलगा डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्या मी घेतल्याही, उगाच लपवत नाही. पण वर त्यांनी गृहपाठ दिला. सकाळचं ऊन घ्या, रोज चाला, झोपायची वेळ चुकवू नका, आणि घराबाहेरच्या एका तरी माणसाशी रोज मनमोकळं बोला. जन्मभर दुसऱ्यांना गृहपाठ देणाऱ्या बाईला या वयात गृहपाठ मिळाला. मी मान डोलावून घरी आले.

ऊन घेतलं. नांदेडचं ऊन घ्यावं लागत नाही, तेच येऊन आपल्याला घेतं. चालायलाही लागले. मुलानं मोबाइलवर काहीतरी टाकून दिलं, त्यातून एक बाई गोड आवाजात सांगायची, "आता हळूच श्वास घ्या." मी म्हटलं, बये, इतकी वर्षं मी काय तुला विचारून घेत होते? अडलं ते शेवटच्या गृहपाठावर. बोलायचं कुणाशी? मैदानावर चालणाऱ्या बायकांच्या कानांत वायरी. भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "आता कसं वाटतंय?" त्या प्रश्नाचा मला इतका संताप यायचा की बरं वाटत असलं तरी वाटेनासं व्हायचं.

अशात एका संध्याकाळी घरातलं विरजण संपलं. पुडीतलं दही लावून पाहिलं तर त्याला तार सुटली. मुलाला दही घरचंच लागतं. म्हणून मी वाटी घेतली आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरी गेले. तिथल्या बाईंशी तोवर माझं नातं नुसतं मानेनं ओळख दाखवण्यापुरतं होतं. त्या माझ्याच वयाच्या, मूळच्या देगलूरच्या. नवऱ्याचं खताबियाण्याचं दुकान, मुलं हैदराबादला. त्यांच्या मराठीत मधूनच तेलुगू शब्द यायचा.

"थोडं विरजण मिळेल का?" मी विचारलं.

त्यांनी आत देवाकडे पाहिलं. दिवा लागला होता. "अगं बाई, दिवे लागले की वो! आता कसं द्यावं? सांजच्याला दही घराबाहिर जात न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवेलागणीनंतर दही-विरजण कुणाला देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते म्हणतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? माझ्या आईनंही अशा वेळी आलेल्या बायकांच्या वाट्या रिकाम्याच परत पाठवल्या होत्या. इतकी साधी गोष्ट विसरले, म्हणजे डोकं किती ठिकाणावर नव्हतं बघा. मी "चुकलं बाई" म्हणून वळले.

"चालल्या कुठं? कूर्चोंडी, कूर्चोंडी," त्या सतरंजीकडे हात करून म्हणाल्या. "दही न्हाई म्हनलं. बसू नका म्हनलं का?"

मी बसले. त्यांनी मेथीची जुडी माझ्यापुढं सरकवली. मला काय होतंय, कसं वाटतंय, एक शब्द नाही. "हे निवडा" म्हणाल्या आणि स्वतः लसूण सोलायला बसल्या. मी दोन काड्या मोडल्या तोच ओरडल्या, "ओ मास्तरीणबाई! देठं बी घ्यायलात का काय भाजीत?" मीही गप्प बसले नाही. आमच्या देवणीकडं कोवळी देठं टाकत नाहीत म्हणाले. त्यावर देवणीकडची माणसं त्यांच्या बैलांची वैरणही खात असतील, असं त्यांनी मला ऐकवलं. मी हसले. घशातून असा काही आवाज निघाला की माझी मीच दचकले. किती दिवसांत मी हसले नव्हते ते तेव्हा कळलं.

त्या रात्री झोप लागली. सकाळी सुनेनं हलवून उठवलं.

आदल्या संध्याकाळी निघताना शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, "उद्या उजेडी या, देते वाटीभर." दुसऱ्या दिवशी उजेडी जायचं मी विसरले. खरं सांगायचं तर विसरायचं ठरवलंच होतं. उजेडी गेलं तर वाटीत विरजण पडेल आणि दारातूनच परत फिरावं लागेल. दिवा लागल्यावर गेलं तर विरजण मिळणार नाही, पण बसायला मिळेल. हा हिशोब माझ्या आजारी डोक्याला बरोबर जमला. मी खिडकीत उभी राहून त्यांच्या देवघरातला दिवा लागायची वाट बघायची, आणि लागला रे लागला की वाटी घेऊन निघायची.

"अरेरे, आज बी उशीर केलात?"

"काय करू, कामात वेळच गेला."

काम! माझ्या घरात मला काम कसलं, हे साऱ्या कॉलनीला माहीत होतं.

मग आम्ही शेंगा सोलायच्या, कारळं निवडायची, आणि भांडायचं. त्यांचं सार आंबट की माझी चटणी तिखट, यावर आमचं कधी एकमत झालं नाही. त्या मला तेलुगू शिकवायच्या आणि माझे उच्चार ऐकून पदर तोंडाला लावून हसायच्या. मी आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या, आता कुणीतरी माझ्या काढत होतं, आणि मला ते फार आवडत होतं. जेवण जायला लागलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि विचारलं, "काय नवीन करताय?" मी म्हटलं, विरजण मागते. ते हसले. त्यांना वाटलं, बाई चेष्टा करतायत.

घरी मात्र दह्याची बोंब झाली. कढी नाही, ताक नाही. मुलगा नुसत्या वरणभाताकडे बघून सुस्कारे सोडायचा. शेवटी सून म्हणाली, "आई, रोज वाटी घेऊन जाता आणि रोज रिकामी आणता. उद्यापासून दिवसाउजेडी जा ना!" दुसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता मी हे शेजारी सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील. त्या नुसतं "हाव का?" म्हणाल्या आणि त्यांनी मान वळवून देवापुढच्या दिव्याकडे पाहिलं.

घरी येऊन बघते तो मुलानं पराक्रम केलेला. मोबाइलवर बघून कोमट दुधात देठासकट सुक्या लाल मिरच्या टाकल्या आणि पातेलं झाकून ठेवलं. सकाळी ते फारसं धरलं नव्हतं, पण तेच पुन्हा दुधाला लावलं तर दुपारपर्यंत पातेलंभर दही. घट्ट, सुरीनं कापावं असं. "आई, आता कुणाच्या दारात जायला नको," त्यानं कामावरून फोन करून कौतुकानं सांगितलं. सगळं घर खूश होतं. मी त्या पातेल्याकडे बघितलं आणि त्यावर पुन्हा झाकण घातलं.

त्या संध्याकाळी मी गेले नाही. दही घरात असताना कुठल्या तोंडानं मागायचं? शेजारचा दिवा कधी लागला तेही बघितलं नाही. रात्री पुन्हा छताकडे बघत पडले. इतके दिवस जे गेलं असं वाटत होतं, ते उशाशीच बसून होतं. सकाळी मी मनाशी ठरवलं की खरं काय ते त्यांना सांगून टाकायचं. आमच्याकडे दही झालंय, आता मागायला येणार नाही, तुमचे उपकार झाले. एवढं बोलायचं आणि परतायचं.

दुपारचा चहा झाल्याबरोबर निघाले. उन्हं अजून त्यांच्या अंगणातल्या भिंतीवर होती, फरशीचा चटका चपलेतून जाणवत होता. हातात वाटी कशाला घेतली ते मला सांगता येणार नाही. रोजची सवय. दार उघडंच होतं. त्या सतरंजीवर बसल्या होत्या, पुढ्यात न निवडलेली मेथी, आणि मागं देवापुढं भर उन्हात दिवा लागलेला.

मी ठरवलेलं सगळं विसरले. "अहो, आत्ताच? अजून ऊन आहे की!"

त्यांनी माझ्या वाटीकडे पाहिलं, मग दिव्याकडे. "लागला न्हवं का? मग आता कसं देऊ दही?" आणि मेथी माझ्याकडे सरकवत, वर न बघता म्हणाल्या, "काल बी ह्याच वक्ताला लावला होता. म्हनलं, तुमी लौकर याल, वाटी भरून घ्याल अन् जाल निघून. तर तुमी आलातच न्हाई."

मला रडू आलं. पण हे रडू जाहिरातीवाल्या रडण्यासारखं नव्हतं. दह्यानं भरलेलं घर भिंतीपलीकडे सोडून मी रिकामी वाटी बाजूला ठेवली, मांडी घालून बसले आणि मेथीची पहिली काडी हातात घेतली.

"देठं टाका," त्या म्हणाल्या.