शकूमावशींच्या गाडीचा फोटो

डोळ्यांदेखत घडलेलं पुसून टाका असं वर्दीतल्या कुणी सांगितलं, तर तुम्ही काय कराल?

परवा मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी आमच्या बसस्थानकाबाहेर बंदोबस्त होता. पालिकेची माणसं शकूमावशींची भज्यांची हातगाडी उचलून ट्रकमध्ये आपटत होती. मैत्रीण रेश्मा फोटो काढू लागली, तसा हवालदार आला.

"मॅडम, डिलीट करा. सुरक्षेचा प्रश्न आहे."

"भज्यांपासून कुणाला धोका आहे, साहेब?"

"जास्त बोलू नका. फोन जमा करू का?"

रेश्माने फोटो पुसले. खांबावरचा सरकारी कॅमेरा मात्र आमचे चेहरे टिपत होता. आमची परवानगी त्याने कधी मागितली होती? सुरक्षा हा शब्द उच्चारला की बघायचा हक्क फक्त त्यांच्याकडे उरतो. आपण फक्त दिसत राहायचं.

आज मावशींबरोबर आम्ही पालिकेत मोडलेल्या गाडीची भरपाई मागायला गेलो, तर तिथले अधिकारी म्हणाले, गाडी आधीच मोडकी होती.

"पोरी, एखादा तरी फोटो राहिलाय का गं?" मावशींनी विचारलं. रेश्माने फोन उघडून दाखवला; त्यात परवाचा एकही फोटो नव्हता.

यापुढे कुणाचा कॅमेरा असा अडवलेला दिसला, तर निघून जाऊ नका. त्या माणसाच्या शेजारी उभे राहा आणि कोणत्या कायद्याने अडवताय, एवढं शांतपणे विचारा.