चालत्या गाडीतला नमस्कार

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होते तेव्हा एका मैत्रिणीने तो थेट आमच्या नव्या सोफ्यावर उडवला होता. आणि हसायचं तर मला हसा, देवाला नको. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

दोन हजार सहाची गोष्ट. आम्ही जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखच्या जवळ एका खेड्यात राहत होतो. नवरा, म्हणजे प्रसाद, सॉफ्टवेअरमध्ये. मी पुण्यात रबराच्या लॅबमध्ये सात वर्षं काढलेली, आणि इथे येऊन आठ महिने घरात बसून जर्मन क्रियापदं घोकत होते. अक्षरशः वेड लागायची पाळी आली होती हो! आणि अशात मला नोकरी मिळाली. एका छोट्या लॅबमध्ये. बुटांचे तळवे मशिनवर हजारो वेळा वाकवायचे आणि ते कधी मोडतात ते बघायचं. माझ्यासारखीसाठी स्वर्गच!

फक्त एक अट होती. लॅब पाच गावं ओलांडून पलीकडे, काम सकाळी साडेसातला सुरू, आणि पहिली बस नऊनंतर. लॅबच्या प्रमुख फ्राउ डॉक्टर हार्टमान म्हणाल्या, "एक तारखेला या. लायसन्स घेऊन या. लायसन्स नसेल तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

आता माझं भारतातलं लायसन्स इथे सहा महिने चालतं, आणि ते सहा महिने कधीच उलटून गेले होते. म्हणजे काय? परीक्षा! मला! जिने लक्ष्मी रोडवर गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी रिव्हर्स घेतली आहे, तिची परीक्षा हे लोक घेणार!

"अगं, सोपं नसतं इथे," प्रसाद म्हणाला. तो स्वतः दुसऱ्या खेपेला पास झाला होता.

"तुझं सांगू नकोस. मी पहिल्या फटक्यात आणते की नाही बघ."

लेखी परीक्षा झाली, एकही चूक नाही. मग ड्रायव्हिंग शिकवायला हेर क्रेमर आले. साठीचे, पोट स्टिअरिंगला लागेल असं, मिशा भरघोस. शेजारच्या सीटवर बसायचे. तिथे त्यांच्या पायाखाली त्यांचे स्वतःचे ब्रेक आणि क्लच. हातात कॉफीचा थर्मास.

आता इथे थोडं थांबते आणि तुम्हाला एक विचारते. खरं सांगा हं. गाडी चालवताना वाटेत देऊळ आलं की तुम्ही काय करता? हात छातीला, मग कपाळाला, आणि डोळे क्षणभर मिटायचे. करता ना? विचार करून करता का? छे! पुण्यात दर चौकाला एक मारुती नाही तर एक गणपती. नऊ वर्षं गाडी चालवल्यावर हात आपोआप जातो. ब्रेकला पाय जातो तसा.

आणि आमचा हा भाग पडला कॅथलिक. गावागावात चर्च, वळणावळणावर क्रूस, शेताच्या बांधावर फुलं वाहिलेली मारिया, म्हणजे येशूची आई. देव कुणाचा का असेना, देव तो देव. त्यात इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे उजवा हात गिअरवर मोकळाच! नमस्काराला इतकी सोयीची गाडी मी जन्मात पाहिली नव्हती.

मला कळतसुद्धा नव्हतं की मी हे करते आहे. हेर क्रेमरना मात्र दिसत होतं.

तिसऱ्या तासापासून ते गाडीत बसताच विचारायला लागले, "रात्री झोप चांगली झाली का?"

"हो, हो! छान झाली."

पुढच्या वेळी परत तेच. "हं, मग झोप? किती तास?" आणि थर्मासमधली काळी कडू कॉफी माझ्यासमोर धरायची. "घ्या. पूर्ण घ्या."

मला तर भरूनच आलं! घरी येऊन प्रसादला सुनावलं, "शिक जरा! परका माणूस, पण वडिलांच्या मायेने विचारतो, झोप झाली का. लग्नाला सहा वर्षं झाली, तू एकदा तरी विचारलंस?"

प्रसाद म्हणाला, "तू घोरतेस. विचारायची गरज पडत नाही."

परीक्षेचा दिवस आला. पुढे मी, शेजारी हेर क्रेमर, मागच्या सीटवर परीक्षक. सडपातळ माणूस, मांडीवर कागद, चेहऱ्यावर रेषा नाही. अर्धा तास मी अशी गाडी चालवली की काय सांगू! आरसा बघ, मान वळवून मागे बघ, सिग्नल दे, सगळं पुस्तकाप्रमाणे. मनात म्हटलं, झालं काम. आणि त्याच आनंदात वळण घेतलं, तर समोर हे उंच चर्च, सकाळच्या उन्हात चमकतंय.

हात छातीला. हात कपाळाला. डोळे बंद.

आणि खाडकन ब्रेक!

मी नव्हता दाबला. हेर क्रेमरनी दाबला होता. डोळे उघडते तो समोर झेब्रा क्रॉसिंग, आणि त्यावर चाकांचा वॉकर ढकलत चाललेल्या एक आजीबाई. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी आजही विसरलेले नाही. खोटं नाही सांगत.

शिकवणाऱ्याने ब्रेक लावला की परीक्षा तिथेच संपली. गाडी बाजूला घेतली. परीक्षक पुढे झुकला आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, "हे डोळे मिटणं. किती वेळा होतं?"

मला वाटलं, चला, निदान समजून तरी घेतोय. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "रोज."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. घरी असले तर जास्त वेळ. दहा दहा मिनिटं."

त्याने लिहून घेतलं. हेर क्रेमरनी माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"लहानपणापासून?"

"हो! आईलाही आहे. आमच्या घरात सगळ्यांनाच."

"आणि तुमचे यजमान?"

"नाही," मी जरा रागानेच म्हटलं. "इथे आल्यापासून तो सगळं विसरला."

परीक्षकाचं पेन थांबलं. मग तो म्हणाला, "मला फार वाईट वाटतं." मी म्हटलं, "मलाही."

किती सहृदय माणूस, असं मनात म्हणत घरी आले. आठवड्याने लायसन्स ऑफिसचं पत्र. माझी क्रियापदं तिथे अपुरी पडली, म्हणून प्रसादने वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलत गेला.

"तुला फिट्स येतात?"

"काय?"

"झटके. अचानक शुद्ध जाते. आनुवंशिक. मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय पुन्हा परीक्षा देता येणार नाही." आणि जरा थांबून, "यात माझ्याही स्मरणशक्तीचा उल्लेख आहे. मी काय विसरलो गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! झोप, कॉफी, ते हळुवार प्रश्न, सगळं. प्रसाद जमिनीवर बसून हसत होता. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आणि खरं सांगते, पहिल्या रात्री रडलेसुद्धा. एक तारीख तीन आठवड्यांवर आली होती. त्या तळव्यांच्या मशिनसमोर दुसरंच कुणी उभं आहे असं डोळ्यांपुढे यायचं.

पण रडून झाल्यावर मी उठले. म्हटलं, आता लायसन्स मिळाल्याशिवाय माघार नाही. गेले डॉक्टरांकडे. डोक्याला वीसेक वायरी लावल्या त्यांनी, आलेख काढला, गुडघ्यावर हातोडी मारली. शेवटी म्हणाले, "तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. डोळे मिटता त्या क्षणी नेमकं काय वाटतं?"

"बरं वाटतं," मी म्हटलं, आणि सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. दाखला त्यांनी स्वतः टाइप केला: बाई पूर्ण शुद्धीवर असतात, डोळे केवळ भक्तीने मिटतात.

तो दाखला हेर क्रेमरसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मग मिशांतून हसू फुटलं ते थांबेचना.

मी मात्र उसळले. "हसू नका! तुम्ही लोक एकमेकांना भेटलात की 'ग्र्युस गॉट' म्हणता. दिवसातून शंभर वेळा देवाचं नाव! आणि मी एकदा हात जोडले तर मेंदूचा डॉक्टर?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "पण आम्ही डोळे उघडे ठेवून म्हणतो."



मग सुरू झाला माझा सराव. रोज संध्याकाळी प्रसादबरोबर चर्चसमोरून चालत जायचं, हात खिशात, डोळे टक्क उघडे. पहिल्या दिवशी खिशातल्या खिशात हात वळवळला. चौथ्या दिवशी हात शांत, पण मान झुकली. पुण्याला आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "अगं मनातल्या मनात कर. त्याला कळतं." सांगायला काय जातं! मनातल्या मनात केलं की माझे डोळे मनाबाहेर मिटायचे.

शेवटी हेर क्रेमरनीच तोडगा काढला. परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि गंभीरपणे म्हणाले, "बघा, मी लहानपणी त्या चर्चमध्ये घंटा वाजवायचो. माझी तिथे ओळख आहे. उद्या तुम्ही रस्त्याकडे बघा. देवाकडे मी बघतो."

आणि तसंच झालं! दुसऱ्या दिवशी तोच परीक्षक मागे. चर्च आलं. मी घुबडासारखे डोळे फाडून झेब्रा क्रॉसिंग बघतेय, आणि शेजारी हेर क्रेमर गुपचूप छातीवर क्रूस काढतायत. पुढे मारिया आली, परत क्रूस. वळणावर अजून एक, परत क्रूस. पंचेचाळीस मिनिटांत त्या माणसाने माझ्या वाटचे अकरा नमस्कार केले. पास झाल्यावर परीक्षकाने माझ्याशी हात मिळवला आणि हळूच हेर क्रेमरना विचारलं, "तुम्हाला बरं आहे ना?"

तर एक तारखेच्या तीन दिवस आधी लायसन्स माझ्या हातात. जुनी लाल गाडी दारात. किस्सा इथेच संपायला हवा होता, नाही? पण मग ती मी कसली!

एक तारखेला सकाळी सातला निघाले. पहिल्यांदाच एकटी. पहिलं गाव आलं, चर्च दिसलं, आणि माझ्या लक्षात आलं की शेजारची सीट रिकामी आहे. आता देवाकडे बघणार कोण? चालत्या गाडीत डोळे मिटायचे नाहीत, हा निश्चय पक्का होता. त्या आजीबाईंची शपथच घेतली होती मी. पण थांबलेल्या गाडीत मिटायचे नाहीत, असं कुठे ठरलं होतं?

आरसा. सिग्नल. मान वळवून मागे. गाडी कडेला, हँडब्रेक, इंजिन बंद. दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, चांगला मिनिटभर. अहाहा! मग परत सगळं उलट क्रमाने, आणि निघाले.

दुसऱ्या गावी क्रूस. परत तेच. तिसऱ्या गावी मारिया. रस्ता इतका अरुंद की माझी अर्धी गाडी रस्त्यावरच राहायची. पहिल्या गावापासून मागे एक करडी गाडी होती, तीही थांबायची. मधे अखंड पांढरी रेघ, आणि ती रेघ ओलांडेल तो जर्मन कसला? बिचारी गाडी निमूट उभी राहायची. मी निघाले की तीही निघायची. किती समंजस लोक, मी म्हटलं. हॉर्नसुद्धा नाही!

पाच गावं, सात थांबे. लॅबच्या पार्किंगमध्ये मी उतरून धावत आत गेले, तेव्हा पावणेआठ वाजले होते. पण नशीब बघा, फ्राउ डॉक्टर हार्टमान अजून आल्याच नव्हत्या! मी गुपचूप खुर्चीवर बसले. दोन मिनिटांनी त्या आल्या, लालबुंद होऊन.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा मला उशीर झाला!" त्या सेक्रेटरीला सांगत होत्या. "समोर एक गाडी. सात वेळा थांबली! भर रस्त्यात! नंबर लिहून घेतलाय मी." आणि त्यांनी कागदाचा कपटा टेबलावर आपटला.

म्हणजे मागची ती करडी गाडी यांची! पण मी हार मानते थोडीच? चेहऱ्यावर जमेल तेवढी सहानुभूती आणून म्हटलं, "भयंकर! अशा लोकांना लायसन्स देतं तरी कोण!"

"गेनाऊ!" त्या म्हणाल्या. मला वाटलं, वाचले.

तेवढ्यात सेक्रेटरीने पार्किंगच्या पासाचा फॉर्म पुढे केला. "तुमच्या गाडीचा नंबर सांगा."

"मी बसने आले," माझ्या तोंडून निघून गेलं.

सेक्रेटरी म्हणाली, "पहिली बस नऊनंतर आहे."

मग काय करते? पर्समधून गाडीचे कागद काढले आणि एकेक अक्षर, एकेक आकडा, होईल तितक्या बारीक आवाजात वाचला. फ्राउ डॉक्टर हार्टमाननी तो कपटा उचलला. कपट्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, देवापासून डॉक्टरांपर्यंत, रडवेल्या जर्मनमध्ये, सगळी क्रियापदं चुकवत.

त्यांनी कपट्यावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला. नोकरी गेली, मी मनाशी म्हटलं. मग त्यांनी तो कपटा फाडून टोपलीत टाकला आणि कोट काढता काढता म्हणाल्या, "मशिन आत डाव्या हाताला आहे. आणि संध्याकाळी आधी मी निघेन. मी दिसेनाशी झाले की मग तुम्ही निघा."