पाचवी प्रत

"तुमी माहा बांबू वाचवला का मलेच बुडवलं, ते सांगा आधी," असे म्हणून सुमनबाईंनी मीच लिहिलेला अर्ज माझ्या टेबलावर आपटला.

साकोलीच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली माझे टेबल व टाइपरायटर आहे. मी अर्जनवीस, म्हणजे लोकांचे गाऱ्हाणे सरकारी भाषेत मांडणारा. शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझा मजकूर वाचून पदवीधर कारकूनही विचारात पडलेले आहेत.

जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतले हे प्रकरण. एकोडीकडच्या एका खेड्यात, सुमनबाईंच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या कुंपणातल्या बागेत, उंच बांबूचे बेट होते. शेजारी शालिकराम यांच्या कौलारू छपरावर ते झुकले. वारा सुटला की त्यांची कवेलू सरकत. त्यांनी तक्रार केली, आणि बेट मुळासकट काढण्याची ग्रामपंचायतीची नोटीस निघाली. बाईंना पावसाळ्याआधी स्वयंपाकघरावर नवे छत घालायचे होते. त्याचे बांबू त्यांनी तीन वर्षे राखले होते.

बाईंच्या वतीने मी लिहिले, "सदर बेट मनुष्याने लावलेले नसून, अनादी काळापासून निसर्गतः उद्भवलेले वनच आहे, सबब त्यास धक्का लावणे हा वनसंपदेचा घात होय."

"पन जी, हे त माह्या सासऱ्यानं लावलं हाये," बाई म्हणाल्या.

"बाई, कायद्याचं मी पाहतो."

पाच प्रती काढण्याचा माझा शिरस्ता होता. "प्रत माहितीस्तव सविनय सादर" ही ओळ खाली आली की अर्जाला वजन येते. चार प्रती नेहमीच्या कचेऱ्यांना गेल्या. पाचवी, विषयाला शोभते म्हणून, मी वनखात्याला पाठवली.

नोटीस तत्काळ थांबली. आठवडाभर मी समाधानात होतो. मग वनरक्षक गावात गेला, बेटाभोवती लाल पट्टे ओढले आणि बाईंना म्हणाला, "हे वन आहे असं तुम्हीच लिहून दिलं. आता एक काडीही तोडायची नाही."

बाई माझ्याकडे आल्या त्या यामुळे. त्यांच्या मागे शालिकरामही होते. "वकीलसाहेब, आता माह्या कवेलूवर सरकारचा बांबू टेकून राहिला. बाईसंग भांडता येत होतं जी, सरकारसंग कसा भांडू?"

मी वकील नाही, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. मी कागद चढवला. "तथापि" या शब्दापर्यंत पोहोचलो, तोच बाईंनी हात आडवा घातला. "थांबा. मी म्हणन तसंच लिवा. सासऱ्यानं लावलं, कंद शालिकभाऊच्या बापानं देल्ला, दरसाल मी कापतो, येऊन पाहा. बस."

एवढ्यावर अर्ज संपला. माझ्या कारकिर्दीत असा उघडाबोडका मजकूर मी टाइप केला नव्हता.

पाहणीला वनपाल आले, तेव्हा मी जातीने हजर होतो. बाईंनी बुडाचा पाला सारला. खाली कापलेल्या खुंटांच्या रांगा होत्या.

"हे मागच्या सालचे, हे त्याच्या आधीचे. पेराच्या लगत वरतून कापा लागते, नायी त वरच्या पोकळ पोंग्यात पाणी साचते अन् बुड सडते. तीन सालाच्या आतला तोडत नायी. हे मागच्या पावसातले अजून पोरं हायेत. शेणखत अन् माती मीच लावतो."

"साहेब, कंद म्याच आनला होता, बापासंग, डोक्यावर," शालिकराम म्हणाले.

"काहून गा, मंग तक्रार कायले केली?" बाईंनी विचारले.

"झुकलेले तोड, येवढंच म्हनत होतो वहिनी. मुळासकट हे त लिहिनाऱ्यानं घातलं."

ती तक्रारही माझ्याच टेबलावर टाइप झाली होती, हे मला त्या क्षणी आठवले.

वनपाल खुंटांकडे पाहत म्हणाले, "जंगलात असं पेर पाहून कोण कापते? हे वन आहे, असं लिहिलं कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बांबूच्या शेंड्यांचे निरीक्षण करीत होतो.

परवानगी मिळाली. झुकलेले जून बांबू आधी तोडले; दोर शालिकरामांनी धरला. पाऊस लागण्याआधी छत झाले, आणि त्याखाली मला चहाही मिळाला.

चार ओळींचा अर्जही मंजूर होऊ शकतो, हे मी मान्य करतो. मात्र तो अपवाद समजावा. माझ्या पद्धतीत मी एकच सुधारणा केली. तेव्हापासून प्रती चारच काढतो.